एकच हायड्रोजन आणि पाच भाव: इलेक्ट्रॉनव्होल्ट, रिडबर्ग, हार्ट्री, प्रति सेंमी... नक्की कशात मोजायचं?

काचेची_बरणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक एस.वाय.बीएस्सीला आहे, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही. काल जेवणं झाल्यावर वह्या घेऊन ओट्यापाशी आली. प्रश्न साधाच: हायड्रोजनच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन उपटून काढायला किती ऊर्जा लागते? फिजिक्सच्या वहीत १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. केमिस्ट्रीच्या वहीत १३१२ किलोज्यूल प्रति मोल. स्पेक्ट्रोस्कोपीच्या नोट्समध्ये १,०९,६७८ प्रति सेंटीमीटर. एका व्हिडिओत '१ रिडबर्ग' आणि दुसऱ्यात एक बाई ठामपणे सांगतात की उत्तर 'अर्धा'. कशाचा अर्धा? तर हार्ट्रीचा.

केमिस्ट्रीच्या ट्यूटोरियलमध्ये तिने १३.६ लिहिलं म्हणून लाल गोल मिळालाय, ते दुःख वेगळंच.

मी बँकेत फॉरेक्सला आहे. डॉलर, दिरहम, येन यांचं मला कळतं. पण 'प्रति सेंटीमीटर' ही ऊर्जा कशी? गहू कितीला विचारल्यावर दुकानदाराने 'फुटाला अकरा' सांगावं तसं झालं. एक चांगलं एकक ठरवून सगळ्यांनी तेच का वापरू नये? जाणकारांनी प्रकाश टाकावा. शक्यतो दिसेल असा.

---

उंबरठा

वाचतोय. बारावीला इलेक्ट्रॉनव्होल्ट हे व्होल्टेजचं एकक समजून पाच मार्क घालवले होते. जखम अजून ओली आहे.

---

सरळरेषा

यात चर्चेला काय आहे? आंतरराष्ट्रीय पद्धतीत ऊर्जेचं एकक ज्यूल. हायड्रोजनसाठी २.१८ × १०^-१८ ज्यूल. बाकी सगळे आपापल्या गल्लीचे हट्ट. मैल, इंच, पौंड गेले तसे हेही जायला हवेत.

---

सराफकट्टा

सरळरेषा, माझं शिक्षण कॉमर्सचं, पण एक सांगू? आमच्या आजोबांच्या पेढीवर गुंजा होत्या. लाल-काळ्या खऱ्या गुंजा, पितळी डबीत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. शेजारी वाण्याकडे किलोचा काटा, नाक्यावरच्या वखारीत टनाचा. नथीतल्या सोन्याचं वजन वखारीच्या काट्यावर होतं का? आकडा येईल हो, पण ०.००००० काहीतरी. तुमच्या १०^-१८ चं तेच झालंय.

आणि ताई, १ रिडबर्ग म्हणजे २ हार्ट्री एवढं मला मुलाने सांगितलंय, त्यामुळे घोळ तिथेच सुटतो.

---

तळ्यात_मळ्यात

सराफकट्टा, गुंजांचा दाखला एक नंबर, पण शेवटचं उलटं झालं. १ हार्ट्री म्हणजे २ रिडबर्ग. रिडबर्ग १३.६०५७ इव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्टचं लघुरूप), हार्ट्री २७.२११४ इव्ही. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मीटिंगमध्ये आहे (आणि कॅमेरा चालू आहे).

---

सराफकट्टा

दुरुस्तीबद्दल आभार. मुलाला विचारतो आज.

---

जुनी_प्रयोगशाळा

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स लॅब सांभाळली. शिकवायला प्राध्यापक होते, माझं काम उपकरणं जिवंत ठेवायचं. त्यामुळे थिअरी कोणी विचारू नका, पण ही एककं कुठून आली ते मी हाताने पाहिलंय.

एम.एस्सी.ला फ्रांक-हर्ट्झचा प्रयोग असायचा. मूळ प्रयोग १९१४ चा, जर्मनीतला. काचेच्या नळीत पाऱ्याची वाफ. नळी भट्टीत ठेवून तापवायची, नाहीतर वाफच होत नाही, आणि उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहणं म्हणजे शिक्षा. मग व्होल्टेजचं बटण हळूहळू फिरवायचं. मीटरवरचा करंट वाढतो, वाढतो, आणि एकदम पडतो. पुन्हा वाढतो, पुन्हा पडतो. दोन पडझडींमधलं अंतर मोजलं की ४.९ व्होल्ट. पोरं हमखास पहिल्या पडझडीचाच आकडा वहीत लिहायची आणि तो चुकायचा, कारण नळीतल्या दोन वेगळ्या धातूंमुळे शून्यच सरकलेलं असतं. अंतर घ्या, आकडा घेऊ नका, हे किती वेळा सांगितलं असेल!

होतं काय, तर ४.९ व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनकडे पाऱ्याच्या अणूला ऊर्जेच्या वरच्या पायरीवर ढकलण्याइतकी ऊर्जा जमते. धडक बसली की ती सगळी अणूला देऊन इलेक्ट्रॉन हात हलवत पुढे जातो, म्हणून करंट पडतो. आता सांगा, समोरच्या डायलवर ४.९ दिसत असताना कोण ७.८५ × १०^-१९ लिहीत बसेल? एका इलेक्ट्रॉनने एक व्होल्ट पार केला की मिळाली ती ऊर्जा एक इलेक्ट्रॉनव्होल्ट. बटणावरचा आकडा तसाच वहीत. त्या काळातले लोक तर नुसतं 'इतके व्होल्ट' म्हणून मोकळे व्हायचे. उंबरठा, तुमच्या पाच मार्कांची चूक तशी घरंदाज आहे.

पुढची गंमत. वर ढकललेला पारा खाली येताना तीच ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. १२४० ला ४.९ ने भागा, साधारण २५३ नॅनोमीटर. तुमच्या वॉटर प्युरिफायरमध्ये यूव्हीची नळी असेल तर तिच्यात पाऱ्याची हीच रेषा जंतू मारते. ट्यूबलाइटमध्येही हीच, फक्त आतली पांढरी पूड तिचा दिसणारा प्रकाश करते. हा १२४० पाठ करून ठेवायला सांगा लेकीला. नॅनोमीटर आणि इव्हीचा गुणाकार नेहमी १२४०.

---

काचेची_बरणी

काका, प्युरिफायरवरचं स्टिकर आत्ता वाचून आले, खरंच २५४ लिहिलंय! पाच वर्षं त्याच्यासमोर उभी राहून पाणी भरतेय.

पण मग प्रति सेंटीमीटर?

---

जुनी_प्रयोगशाळा

ते दुसऱ्या टेबलावरचं. व्होल्टमीटरच्या नव्हे, ग्रेटिंगच्या (बारीक रेघांची पट्टी, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी).

स्पेक्ट्रोमीटरवर तुम्हाला फक्त कोन दिसतो. कोनावरून तरंगलांबी मिळते. ऊर्जा काढायची तर प्लांकचा स्थिरांक हवा, म्हणजे लहरीची वारंवारता आणि ऊर्जा यांना जोडणारा आकडा. १८८५ साली बाझेलच्या बाल्मर नावाच्या शाळामास्तरांनी हायड्रोजनच्या रेषांचं सूत्र बसवलं आणि १८८८ च्या सुमारास स्वीडनमध्ये लुंडच्या रिडबर्गने ते सगळ्या मूलद्रव्यांसाठी मोकळं केलं, तेव्हा प्लांकचा स्थिरांक जन्मालाच यायचा होता. रिडबर्गची युक्ती एवढीच की लांबी न घेता तिचा व्यस्तांक घ्यायचा: एका सेंटीमीटरात किती लाटा बसतात. कारण लांब्यांची बेरीज-वजाबाकी जुळत नाही, लाटांच्या संख्येची जुळते. दोन पायऱ्यांमधला फरक थेट वजाबाकीने मिळतो.

करून बघायचं असेल तर गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका. वरणाचं पाणी उतू गेल्यावर जशी पिवळी होते तशी ज्योत होईल. तो सोडियम. चांगल्या ग्रेटिंगमधून पाहिलं तर त्या पिवळ्याच्या दोन रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. लांबीतला फरक ०.६, त्यातून काही कळत नाही. पण प्रति सेंमीमध्ये त्या १६,९५६ आणि १६,९७३. फरक १७. म्हणजे सोडियमच्या वरच्या पायरीला १७ प्रति सेंमीची चीर गेलेली आहे, एका वजाबाकीत समजलं. इव्हीत ते ०.००२१ येतं, त्यात मजा नाही.

जुन्या पुस्तकांत प्रति सेंमीला 'कायझर' म्हटलेलं दिसेल. ते नाव टिकलं नाही. आमच्याकडचे सर 'इन्व्हर्स सेंटीमीटर' म्हणायचे, पोरं 'सीएम मायनस वन'.

---

सरळरेषा

ठीक, इतिहास समजला. पण आता प्लांकचा स्थिरांक माहीत आहे ना? मग जुनी सवय का चालू?

---

तळ्यात_मळ्यात

रात्र झाली, आलो.

सरळरेषा, कारण अचूकता. रेषांच्या लांब्या सात-आठ आकड्यांपर्यंत मोजल्या जायच्या तेव्हा प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार तितके बारीक माहीत नव्हते. इव्हीत बदललं की आपल्या चोख मोजमापात दुसऱ्याची चूक मिसळायची. म्हणून लोक सेंटीमीटरला चिकटून राहिले. शुद्ध व्यवहार आहे तो.

बरणीताई, तुमच्या फॉरेक्सच्या भाषेत सांगतो. २० मे २०१९ पर्यंत इव्ही आणि ज्यूल यांचा दर तरंगता होता. दर काही वर्षांनी नवी मोजमापं आली की शेवटचे आकडे हलायचे. त्या दिवशी इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक दोन्ही कायमचे ठरवून टाकले. आता १ इव्ही = १.६०२१७६६३४ × १०^-१९ ज्यूल, यापुढे एकही आकडा नाही, दर पेग केलेला. इव्हीचे ८०६५.५४ प्रति सेंमी होतात, तेही पक्कं. मात्र हार्ट्री आणि रिडबर्ग अजून तरंगतेच आहेत, कारण ते निसर्गाने ठरवलेत. ते मोजावेच लागतात. रिडबर्गचा स्थिरांक १,०९,७३,७३१.५६८ प्रति मीटर, आणि पुढे अजून आकडे माहीत आहेत. भौतिकशास्त्रात इतकी बारीक मोजलेली गोष्ट क्वचित सापडेल.

(लेकीच्या नोट्समध्ये १,०९,६७८ आणि माझ्याकडे १,०९,७३७ का? केंद्रक अनंत जड धरलं तर माझा, खऱ्या प्रोटॉनचं वजन धरलं तर तिचा. परीक्षेत दोन्ही चालतात. चालायला हवेत.)

आता हार्ट्री. मी काँप्युटेशनल केमिस्ट्रीवाला. आमच्याकडे ना व्होल्टमीटर, ना ग्रेटिंग. नुसतं समीकरण आणि कॉम्प्युटर. मग इलेक्ट्रॉनचं वस्तुमान १, भार १, प्लांकचा स्थिरांक भागिले २π तोही १ धरायचा. समीकरणातला सगळा कचरा निघून जातो आणि ऊर्जा आपोआप हार्ट्रीत बाहेर पडते. हायड्रोजन उणे ०.५, हेलियम उणे २.९०३७. म्हणून व्हिडिओतल्या बाईंचं उत्तर अर्धा.

गैरसोयही ऐका. पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा साधारण उणे ७६.४ हार्ट्री. दोन रेणूंना धरून ठेवणारा हायड्रोजन बंध ०.००८ हार्ट्री. म्हणजे ७६ रुपयांच्या बिलातला पाऊण पैसा शोधायचाय, आणि सगळं पाणी, बर्फ, डीएनए त्या पाऊण पैशावर उभं आहे. म्हणून आम्ही शेवटी फरक किलोकॅलरी प्रति मोलमध्ये सांगतो. १ हार्ट्री म्हणजे ६२७.५. लेकीच्या केमिस्ट्रीच्या सरांना मोल (अणूंचा ठरलेला प्रचंड गठ्ठा) प्रिय, कारण ते भांड्यात रसायन ओततात, एकेक अणू नाही ओतत. तिच्या १३.६ ला लाल गोल द्यायला नको होता, पण त्यामागचं कारण हे.

शेवटी कबुली. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका पृष्ठभागावर रेणू किती घट्ट चिकटतो ते काढत होतो. उत्तर आलं ०.०३. मी ते हार्ट्री समजलो, म्हणजे ०.८२ इव्ही. प्रकाशित आकड्यांच्या दुप्पट! तीन आठवडे मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षक घोळवत होतो. गाईडने स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "एकक वाचलंस?" तो प्रोग्रॅम रिडबर्गमध्ये बोलत होता. ०.४१ इव्ही, सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलं उत्तर. आमचे प्रोग्रॅम असे: क्वांटम एस्प्रेसो रिडबर्गमध्ये, गाउसियन हार्ट्रीत, व्हास्प इव्हीत. तेव्हापासून टेबलावर चिठ्ठी चिकटवलेली आहे.

---

सराफकट्टा

हे तर आमचंच दुखणं! जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आता बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या चिठ्ठीतल्या 'पाच तोळ्यां'वरून घराघरांत भांडणं झालीत.

---

विकिरण_वाले

दोन दिवस धागा बघतोय, राहवलं नाही. मी एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट. आमच्या एककांचा घोळ तर पेशंटच्या फाइलवर छापलेला असतो.

रेडिओथेरपीच्या कागदावर '६ एमव्ही फोटॉन' असं असतं आणि दुसऱ्या पेशंटच्या कागदावर '६ एमइव्ही इलेक्ट्रॉन'. (एम म्हणजे मेगा, दहा लाख; फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण.) एका आजोबांच्या मुलाने मला गाठून विचारलं, "डॉक्टर, साठ लाख व्होल्ट बाबांना देणार?" त्यांना मशीनपाशी नेऊन दाखवावं लागलं. व्होल्ट सगळे मशीनच्या पोटात. आत इलेक्ट्रॉन साधारण ६० लाख इव्हीपर्यंत पळवतात आणि टंगस्टनवर आपटतात. त्यातून निघणारे फोटॉन एका ऊर्जेचे नसतात, शून्यापासून ६ पर्यंत सगळी भेळ, सरासरी २ च्या आसपास. म्हणून तिथे 'इव्ही' लिहायचं नाही, नुसतं एमव्ही. टंगस्टन बाजूला सारून इलेक्ट्रॉनच वापरले तर सगळे जवळपास एकाच ऊर्जेचे, म्हणून तिथे एमइव्ही. एका अक्षरात एवढा अर्थ आहे. एक्स-रे खोलीतल्या '७० केव्ही'चंही तेच.

कोबाल्टच्या मशीनला मात्र हा त्रास नाही. त्याचे फोटॉन १.१७ आणि १.३३ एमइव्ही, निसर्गाने ठरवून दिलेले. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन याच जातीचं.

आणि सरळरेषा, तुमचा ज्यूल आमच्याकडे आहे बरं का. डोस ग्रेमध्ये मोजतो, म्हणजे किलोमागे ज्यूल. रोजचा डोस साधारण २ ग्रे. किलोला २ ज्यूल. पाणी तेवढ्याने किती तापेल? अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं. गरम चहाचा घोट याच्या कित्येक पट ज्यूल पोटात नेतो. तरी त्या २ ज्यूलने गाठ मरते. का? कारण ती ऊर्जा सारखी पसरलेली नसते. ती लाखो इव्हींच्या गोळ्यांनी येते, आणि रेणूतला बंध तुटायला ३-४ इव्ही पुरतात. ज्यूलमध्ये मोजलं तर हा उपचार निव्वळ हास्यास्पद वाटेल. इव्हीत मोजलं की समजतं.

---

नादखुळा_पंचगंगा

लई भारी चाललंय. मग मोबाईल टॉवरचं काय ओ? आमच्या गल्लीत टॉवर नको म्हणून मोर्चा निघालाय. मी पण गेलतो, भजी होती.

---

विकिरण_वाले

नादखुळा, १८०० मेगाहर्ट्झचा एक फोटॉन ७.४ मायक्रोइव्ही (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग). बंध तोडायला लागतात ३.६ इव्हीच्या आसपास. जवळपास पाच लाख पट कमी. आणि फोटॉन एकमेकांत वर्गणी काढून बंध तोडत नाहीत. अशा लहरींनी ऊतक तापू शकतं, त्यासाठीच मर्यादा घातलेल्या असतात. भज्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

---

कुकडीकाठ

मायक्रोइव्हीचा विषय निघाला म्हणून. मी नारायणगावजवळचा. आमच्या खोडदला जीएमआरटीच्या, आकाशातल्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या मोठ्या दुर्बिणी आहेत, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. द्राक्षं आणि टोमॅटोच्या रानांतून डोकं वर काढून असतात. लहानपणी विज्ञान दिनाला शाळेतून नेलं होतं, तेव्हा आवारात मोबाईल बंद करायला लावले होते. आत्ता या धाग्यामुळे कळलं का.

त्या दुर्बिणी जे ऐकतात त्यात थंड हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची लहरही असते, १४२० मेगाहर्ट्झ. वरच्या काकांच्या हिशेबाने भागलं, ५.९ मायक्रोइव्ही आलं. म्हणजे त्याच हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ आणि नुसती कूस बदलायला (फिरकी उलटायला, त्यातूनच ही लहर) त्याच्या वीस लाखांश! बरोबर आहे का?

---

जुनी_प्रयोगशाळा

बरोबर. थोडं वर, तेवीस लाख. पण कुजबुज ऐकायची तर खिशातला मोबाईल बंदच हवा.

---

काचेची_बरणी

मी लेक बोलतेय, आईचा आयडी आहे. सगळ्यांना थँक्यू. एक शंका. १ इव्ही म्हणजे ११,६०० केल्विन असं लिहिलेलं असतं. मग १३.६ इव्ही म्हणजे १ लाख ५८ हजार केल्विन. पण पुस्तकात ताऱ्यांमधला हायड्रोजन १०,००० केल्विनच्या आसपासच आयनीभूत होतो (इलेक्ट्रॉन सुटतो) म्हणतात. आणि सूर्याचा पृष्ठभाग तर ५,७७२, म्हणजे अर्धा इव्हीसुद्धा नाही. कुठे चुकतंय?

---

तळ्यात_मळ्यात

चुकत काहीच नाही, उलट हाच प्रश्न मेघनाद साहांनी १९२० मध्ये सोडवला. तापमान सरासरी सांगतं, काही कण सरासरीच्या बरेच वर असतात. पण तेवढ्याने भागत नाही. मुख्य गोष्ट जागेची. अणूला बांधलेल्या इलेक्ट्रॉनला बसायला डब्यातली एकच सीट. सुटला तर बाहेर अख्खं मैदान, विरळ वायूत तर फारच मोठं. सुटायला महाग असलं तरी एकदा सुटलेला परत त्याच सीटवर येण्याची शक्यता फार कमी. म्हणून अणू १३.६ च्या मानाने खूपच स्वस्तात फुटतात. साहा समीकरणात १०,००० केल्विन आणि ताऱ्याच्या पृष्ठभागाची घनता घालून बघ, घातांकातली ती १५.८ (तुझे १ लाख ५८ हजार भागिले १०,०००) समोरच्या मोठ्या संख्येने कशी खाल्ली जाते ते दिसेल.

---

सरळरेषा

माझीही एक शरणागती नोंदवून ठेवा. बसल्या बसल्या हिशेब केला. लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. कोळशातल्या कार्बनचा एक अणू जळला की ४ इव्ही, युरेनियमचा एक अणू फुटला की २०० एमइव्ही, म्हणजे २० कोटी. जवळपास पाच कोटी पट. एक युनिट उष्णतेसाठी ४४ मायक्रोग्रॅम युरेनियम पुरे. हे ज्यूलमध्ये लिहायला घेतलं आणि शून्यं मोजतानाच दोनदा चुकलो.

---

उंबरठा

जीनिव्हाच्या प्रोटॉन आपटणाऱ्या मोठ्या यंत्रात २०२२ मध्ये टकरी १३.६ टेराइव्हीवर (टेरा म्हणजे लाख कोटी) सुरू झाल्या असं वाचलं. हायड्रोजनचा तोच आकडा! काही संबंध?

---

विकिरण_वाले

काही नाही, निव्वळ योगायोग. आणि १ टेराइव्ही म्हणजे साधारण एका उडत्या डासाची गतिज ऊर्जा. फक्त डासाऐवजी ती एका प्रोटॉनमध्ये कोंबायची.

---

काचेची_बरणी

पुन्हा आई. मीठ टाकून झालं. ज्योत पिवळी झाली, लेक नाचली, दिवाळीत आणलेल्या सीडीचा तुकडा धरून दोन रेषा शोधत बसली. एकच दिसली, जाड. बर्नर मात्र फुटफुट करतोय, एका बाजूची भोकं मिठाने बुजलीत. काका, टाचणीने साफ केलं तर चालेल का?

---

जुनी_प्रयोगशाळा

आधी थंड होऊ द्या, काढून गरम पाण्यात बुडवून ठेवा, मीठ विरघळेल. मग टाचणी. सीडीवर दोन रेषा सुटायच्या नाहीत, तेवढी फट अरुंद मिळत नाही. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात ग्रेटिंग असेल, लेकीला म्हणावं लॅब असिस्टंटला विचार. प्राध्यापकांना नको.